एकशे ऐंशीची डिस्क

लोखंडाच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये, असं माझं ठाम मत आहे. आता जे सांगणार आहे ते घडून गेल्यावरही त्यात फारसा फरक पडलेला नाही. राहुरीकडच्या एका साखर कारखान्यात मी चौतीस वर्षं फिटर होतो. बोल्ट किती आवळलाय ते मी पान्याच्या आवाजावरून सांगतो. कारखान्यात माझ्या शब्दाला किंमत होती. घरी यायचो तो सुट्टीपुरता, त्यामुळे तिथंही होती. निवृत्त होऊन पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावी कायमचा आलो तेव्हा कळलं, की माझ्यावाचून घर अगदी झकास चाललेलं होतं.

ते चालवणारी माझी बायको अंगणवाडी सेविका आहे. आमचं घर गावाच्या टोकाला, माळावर. तिथून कच्चा रस्ता दोन वळणं घेत खाली उतरतो आणि थेट मोठ्या डांबरी रस्त्याला जाऊन भिडतो. डांबरी ओलांडली की वस्ती, आणि वस्तीवर तिची अंगणवाडी. तिथली बहुतेक घरं ऊसतोडीला जाणारी. दसरा झाला की टोळ्या निघायला लागतात. मग वस्तीवर राहतात म्हातारी माणसं आणि मागं ठेवलेली पोरं. बायको वीस-बावीस वर्षं हा उतार पायी उतरत होती, चढत होती. गुडघ्यांनी तक्रार सुरू केली तेव्हा तिनं ती दोन वर्षं माझ्यापासून लपवली.

कळल्यावर मी एक दणकट सायकल आणली आणि तिला मोटर बसवली. मागच्या चाकात मोटर, मधल्या दांड्यावर बॅटरी, हँडलला कळ. बायको पहिल्या दिवशी पायडल न मारता घरापर्यंत चढून आली तेव्हा गल्लीतल्या बायका बघायला जमल्या. हँडलवर मी एका दूधवाल्याकडून घेतलेली जुनी पितळी घंटी लावली होती. तिचा आवाज सकाळी खालून वरपर्यंत स्वच्छ यायचा. उतार संपवून डांबरीच्या कडेला थांबली, की बायको दोनदा घंटी वाजवायची. म्हणजे पोचले. मग मी दुसरा चहा घ्यायचो.

चढ मोटरनं सोडवला, पण उतार राहिला. सायकलला डिस्क ब्रेक होते, पण डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती, एकशे साठ मिलिमीटरची, बारकी. ती साध्या सायकलपुरती ठीक. इथं मोटरचं वजन, बॅटरीचं वजन, मागं शिध्याची पिशवी, कधी पोरांची वजनं करायचा काटा, आणि त्या सगळ्यावर माझी बायको. खाली पोचेपर्यंत डिस्क इतकी तापायची, की पाण्याचा थेंब टाकला तर चर्र करून उडायचा.

"अहो, खाली गेल्यावर जळल्यावानी वास येतोय," ती एकदा म्हणाली.

"येणारच. डिस्क मोठी लागेल," मी म्हणालो.

"मग आना की. वाट कुनाची बघताय?"

मोठी डिस्क का, हे मी तिला जात्यावरून समजावलं. जात्याचा खुंटा कडेला असतो, मध्ये नसतो. मधोमध धरून जातं फिरवून बघा, खांदे निघतील. ब्रेकचंही तसंच. चाकाला मध्यापासून जितकं लांब धराल, तितकं ते लवकर ऐकतं. शिवाय मोठी डिस्क तापते कमी आणि निवते लवकर. ती म्हणाली, "एवढं ग्यान नको, ब्रेक बसवा."

माझ्या मनात दोनशे तीनची होती. करायचंच तर दणक्यात करावं, असा माझा स्वभाव. पण चष्मा लावून पुढचा फोर्क, म्हणजे चाक धरणारा चिमटा, नीट पाहिला, तर आतल्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेलं होतं की जास्तीत जास्त एकशे ऐंशी. मी तिथंच थांबलो. मोठी डिस्क चाक धरते खरी, पण ती सगळी ओढ फोर्कवर येते. फोर्क मोडला तर ब्रेक उत्तम होता हे सांगायला माणूस उरत नाही. नगरला जाऊन एकशे ऐंशीची डिस्क, तिला दोन्हीकडून दाबणारे नवे ब्रेक पॅड आणि ते पॅड धरणारा कॅलिपर वर उचलणारी त्याच मापाची ब्रॅकेट घेऊन आलो. आता पाटीवर अहिल्यानगर आहे, पण कंडक्टर अजून नगरच ओरडतो.

दोन दुपारी कामाला लागल्या. आधी बॅटरी काढून घरात ठेवली, कारण चाकात हात असताना मोटरची कळ कुणाच्या तरी हाताला लागायला वेळ लागत नाही. डिस्कचे सहा बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे करत आवळले, प्रत्येकाला सुटू नये म्हणून लावायचं औषध लावलं. चाक फिरवून डिस्क कुठं घासत नाही ना ते कानानं तपासलं. ब्रेक दाबला की मोटर आपोआप बंद होते ना, हे दहा वेळा दाबून पाहिलं. मागची डिस्क जुनीच राहू दिली. जोर पुढच्या ब्रेकवर येतो, मागच्याचं काम मदतीचं.

बायकोला मी समोर बसवून ताकीद दिली. "ह्या डिस्कला हात लावायचा नाही. बोटाचं तेलसुद्धा चालत नाही. तेल लागलं की पॅड पितो ते, आणि मग ब्रेक धरत नाही."

"लावते कशाला मी हात? मला काय दुसरी कामं न्हाईत?"

माझा एक नियम आहे. मी दुरुस्त केलेल्या वस्तूवर पहिला मी बसणार. नवा पॅड डिस्कवर घासून बसावा लागतो, म्हणून आधी सपाटीवर वीस-पंचवीस वेळा वेग घेऊन हळूहळू ब्रेक लावला. मग मागं ज्वारीचं पोतं बांधून उतार उतरलो, तीनदा. सायकल दोन बोटांच्या दाबानं थांबत होती. खाली थांबून घंटी वाजवली तेव्हा बायको वर दारात उभी होती. तिच्या वजनाचा अंदाज मी पोत्यानं केला हे तिला आवडलं नाही, पण ब्रेक आवडला. दुसऱ्या दिवशी दसरा होता.

कारखान्यात खंडेनवमीला आमच्या वर्कशॉपमध्ये यंत्रांची पूजा व्हायची, आणि कुंकू लावायचा मान माझा. कोरडं कुंकू उभ्या लोखंडावर टिकत नाही, खाली सांडतं. म्हणून मी ते गोड्या तेलात कालवायचो. ही माझी युक्ती नंतर सगळ्या खात्यांनी उचलली. आणि आमची रीत अशी, की वर्षभरात जो भाग नवा बसवला असेल त्याला पहिलं बोट. नव्याचा मान आधी.

दसऱ्याला सकाळी मी सायकल धुऊन अंगणात लावली. बायको आत पुरणाला भिडलेली होती. झेंडूची माळ हँडलला, लिंबू चाकाखाली, आणि वाटीत कालवलेलं कुंकू. हँडलला लावलं, बॅटरीला लावलं, घंटीला लावलं. त्याआधी मात्र, चौतीस वर्षांच्या सवयीनं, पहिलं बोट नव्या भागाला गेलं होतं. चकचकीत गोल डिस्क, तिच्यावर पाच बोटं गोलाकार ओढली. काय शोभत होती! मग ओघळ यायला लागला, तो बरा दिसेना, म्हणून खांद्यावरच्या फडक्यानं डिस्क दोन्ही बाजूंनी फिरवून फिरवून पुसली. ती पहिल्यापेक्षा जास्तच चकाकली. मी समाधानानं नारळ फोडला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बायको रोजच्यापेक्षा लवकर निघाली. वस्तीवरून पहिली टोळी नऊला जाणार होती. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यात भांडी, कोंबड्या, पोरं, सगळा संसार. त्यांच्या पोरांची वजनं करून कार्डावर लिहून दिली, तर जिथं जातील तिथल्या अंगणवाडीत त्यांना शिधा मिळायला सोपं जातं. तिनं काटा मागं बांधला आणि गेली. मी चहाची वाट बघत ओट्यावर बसलो.

घंटी वाजली नाही.

मी थोडा थांबलो. मग चप्पल शोधण्यात वेळ न घालवता तसाच पळालो. दुसऱ्या वळणाच्या खाली सायकल नांगरलेल्या शेतात आडवी होती आणि बायको ढेकळांत बसून कोपर झाडत होती. डांबरी तिथून पंधरा पावलांवर. डांबरीवरून त्याच वेळी एक एसटी धडधडत गेली.  इतका घाबरलो होतो, की मला राग आला. माझं असंच आहे. भीती वाटली की मी ओरडतो.

"काय केलंस?"

"पुढचा ब्रेक धरंना वो," ती म्हणाली. "नुस्ता किंचाळला आन् सरकत राहिला. मागचा दाबला तवा जरा कमी झाली, मग मी शेतात घातली."

"किंचाळला म्हणजे धरला. तूच घाबरून भलताच दाबला असशील."

"न्हाई, मी दोन्ही..."

तोवर समोरून वस्तीवरची माणसं धावत आली होती. टोळीचा मुकादम, बायका, निघायच्या तयारीतली सगळी. त्यांच्यासमोर मी मोठ्यानं म्हणालो, "परवा मी स्वतः तपासलाय ब्रेक. नाचता येईना, अंगण वाकडं!"

कोणीतरी हसलं.  बायकोनं काटा उचलला, तो वाकला नाही ना ते पाहिलं, रस्ता ओलांडला आणि रक्ताळल्या कोपरानं एकेका पोराला काट्यावर घेऊन वजन लिहू लागली. मी सायकल ढकलत वर आणली.

बोल्ट घट्ट, केबल नीट, डिस्क सरळ. अंगणात चार पावलं चालवून ब्रेक दाबला, तर सायकल थांबली. झालं, मी खरा ठरलो. अंगण सपाट आहे आणि चार पावलांत कुठलीही सायकल थांबते, हे फिटरला सुचू नये, याचं मला आजही नवल वाटतं.

ती पुन्हा पायी जाऊ लागली. सायकलकडं बघायचीही नाही. येताना पहिल्या वळणावर बसायची, मग दुसऱ्या वळणावर. मी "घेऊन जा की" म्हणालो, तर म्हणायची, "मला न्हाई जमत." तोवर एकेक करून टोळ्या निघून गेल्या होत्या. पंधरा दिवसांनी संध्याकाळी तिनं माझ्यासमोर कोरा कागद आणि पेन ठेवलं.

"तुमचं अक्षर चांगलं हाय. राजीनाम्याचा अर्ज लिहून द्या."

"कसला राजीनामा?"

"लिहा, गुडघे चालत न्हाईत आन् सायकल चालवता येत न्हाई."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, रागाशी मला भांडता येतं. तिला खरंच वाटत होतं, की चूक तिची. जिनं माझ्यामागं घर ओढलं, दोन पोरी शिकवून सासरी पाठवल्या, वस्तीवरची शेकडो पोरं काट्यावर घेतली, ती बाई माझ्या एका वाक्यानं स्वतःला बिनकामाची समजायला लागली होती. मी पेन हातात घेतलं, "मला सायकल चालवता" इथपर्यंत लिहिलं आणि पुढं हात जाईना. "उद्या नगरला जायचंय, आल्यावर लिहितो," म्हणून सुटका करून घेतली.

नगरला जायचं कारण होतं. अंगणात ब्रेक दाबला की तो किर्र वाजायचा, आणि नव्या ब्रेकनं वाजणं मला खपत नाही. माल डुप्लिकेट आहे, हे मी ठरवून टाकलं. पॅड आणि डिस्क काढून वर्तमानपत्रात गुंडाळली आणि दुकानात जाऊन काउंटरवर आपटली. दुकानदार माझ्याच वयाचा, शांत माणूस. मी पाच मिनिटं ओरडलो. कारखाना, चौतीस वर्षं, सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

"मामा, डिस्कला तेल-बिल लागलं होतं का?"

"माझ्या घरात? मी बायकोला हातसुद्धा लावू दिला नाही!"

त्यानं पांढऱ्या कापडाच्या तुकड्यावर स्पिरिट घेतलं आणि पॅड चोळला. तुकडा माझ्यासमोर धरला. तो लाल झाला होता.

"हे लाल काय हाय, मामा?"

तो लाल रंग मी चौतीस वर्षं स्वतःच्या हातानं कालवला होता. दुसऱ्या कुणाला त्यानं कोडं पडलं असतं, मला नाही. पाच बोटं आठवली. फडकं आठवलं, आणि ती चकाकी. पुसताना मी तेल काढलं नव्हतं, डिस्कभर नीट पसरवलं होतं, जसं आपण तव्याला लावतो. आणि मागच्या डिस्कला, जुनी म्हणून, मी बोटही लावलं नव्हतं. त्या दिवशी माझ्या बायकोला वाचवलं ते त्या जुन्या डिस्कनं आणि तिच्या स्वतःच्या डोक्यानं. माझ्या कारागिरीचा त्यात काही वाटा नव्हता.

मी काउंटरला धरून उभा राहिलो. दुकानदारानं पाणी दिलं. नवे पॅड काढून ठेवत म्हणाला, "दसऱ्यानंतर असे दोन-चार तरी येतातच." मला धीर द्यायला म्हणाला असेल, पण मला नाही वाटला. इतरांच्या मूर्खपणानं आपला कमी होत नाही.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी बरीच वाक्यं जुळवली. सगळी मोडून टाकली. फाट्यावर उतरलो ते घरी न जाता थेट वस्तीवर गेलो. अंगणवाडी सुटायची वेळ होती. बायको ओसरीवर नोंदी लिहीत होती, आजूबाजूला नातवंडं न्यायला आलेली म्हातारी माणसं. मी तो लाल तुकडा तिच्या वहीवर ठेवला.

"हे पुढच्या ब्रेकवर होतं. दसऱ्याचं कुंकू. तेलात कालवलेलं. मी लावलं, मीच पुसून पसरवलं. तू दोन्ही ब्रेक बरोबर दाबले होतेस. चूक माझी होती, आणि बोलणी मी तुला खायला लावली. चार लोकांत."

बोलताना माझा आवाज फाटला. फाटू दिला. तिनं तुकडा उचलला, वास घेतला, माझ्याकडं पाहिलं.  मग म्हणाली, "मला वाटलं, माझं हातपाय आता ऐकत न्हाईत."

"ऐकतात. माझंच डोकं ऐकत नाही."

"ते मला ठावं हाय," ती म्हणाली. एक म्हातारी पदराआड हसली. मला वाटलं, सुटलो. पण माझी बायको कच्च्या गुरूची चेली नाही. "हितं म्हातारी मानसं हायेत. त्या दिशी ज्यांच्याम्होरं बोललात ती तर टोळीवर गेली. त्यांना कोन सांगनार?"

"म्हणजे?"

"मुकादमाला फोन लावा. आन् सगळ्यांना ऐकू जाईल असा लावा म्हनावं."

लावला. पलीकडं ऊसतोड चालली होती, कोयत्यांचे आवाज येत होते. मुकादमानं फोन उंच धरला असावा. मी, चौतीस वर्षांचा फिटर, ओसरीवर उभा राहून कुठल्या तरी लांबच्या फडातल्या माणसांना मोठ्यानं सांगितलं, की त्या दिवशी आमच्या मंडळींचं काही चुकलं नव्हतं, ब्रेकला मीच तेल लावलं होतं. कोयते थांबले. मग एका बाईचा आवाज आला, "आमाला ठावं हुतं वो मामा! बाई चुकत्यात व्हय कदी?" आणि सगळा फड हसला. बायकोही हसली, पंधरा दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी ब्रेक नव्यानं बसवला. जुने पॅड फेकले, कारण प्यायलेलं तेल पॅड परत देत नाही. डिस्क स्पिरिटनं आणि नव्या कोऱ्या कापडानं पुसली, कापड पांढरं निघेपर्यंत. पुन्हा सपाटीवर पंचवीस वेळा ब्रेक घासून बसवला, पुन्हा पोतं बांधलं, पुन्हा उतार, तीनऐवजी पाचदा. बायको दारात उभी राहून बघत होती. पाचव्यांदा वर आलो तेव्हा म्हणाली, "पुरे आता, पोतं सोडा."

त्याच्या पुढच्या सकाळी तिनं पिशवी अडकवली, सायकल दारातून बाहेर काढली. मी खाली वाकून डिस्ककडं बघत होतो. "हात मागं घ्या," ती म्हणाली. मी दोन्ही हात पाठीमागं बांधले. ती बसली आणि पहिल्या वळणाआड गेली.

मी ओट्यावर बसलो नाही, उभाच राहिलो. चहा समोर होता, तोही घेतला नाही. ब्रेकचा आवाज येत नव्हता, म्हणजे धरत होता. पण आवाज न येण्याची दुसरीही कारणं असतात, ती सगळी मला त्या अर्ध्या मिनिटात सुचली. आणि मग खालून घंटी वाजली. एकदा, दोनदा. मी श्वास सोडला. तर तिसऱ्यांदा वाजली, चौथ्यांदा, आणि ती वाजवतच राहिली, थांबेचना. शेजारची बाई दारात येऊन विचारू लागली, "काय झालं वो, एवढी घंटी का वाजवत्यात?"

"थांबलीय ती," मी म्हणालो, आणि अंगणात उभ्या उभ्या रडलो.